खंडेनवमीला न उचललेला फोन

पोलीस ठाणे, सोलापूर शहर
दसरा, दुपार

मी सौ. प्रतिभा इंद्रजीत बिराजदार, वय ४१, धंदा शाळेचे गणवेश शिवणे, राहणार नवी पेठेच्या मागे, सोलापूर. समक्ष हजर राहून सांगते की, माझे वडील कुंडलिक हरिबा साखरे, वय ७४, धंदा शेती, राहणार मैंदर्गी, हे बेपत्ता असल्याची तक्रार मी काल संध्याकाळी याच ठाण्यात दिली होती. ते सापडले आहेत. खरे तर ते हरवलेच नव्हते.

वडील गावी एकटे राहतात. मागच्या महिन्यात ते चक्कर येऊन न्हाणीत पडले. तेव्हापासून मी रोज सकाळी फोन करते व ते लगेच उचलतात. काल खंडेनवमीला दिवसभर फोन नुसता वाजत राहिला. शेजारच्या बसव्वाला लावला, तिचाही तसाच. पती ट्रक घेऊन परगावी. माझ्या डोळ्यांसमोरून ती न्हाणी हलेना. शेवटची एसटीही चुकली, म्हणून इथे आले. हवालदारसाहेबांनी वर्णन विचारले, तेव्हा मी आधी न्हाणीचेच सांगत बसले.

आज सकाळी गावाकडून काही निरोप यायच्या आधीच वडील माझ्या दारात उभे. डोक्याला पटका, हातात आपट्याची पानं. "सोनं घे," म्हणाले. मी म्हटले, "आप्पा, काल कुटं होता? जीव गेला की माझा!"

त्यावर ते म्हणाले, "घरीच की. फोन पूजंत मांडलाय. आता खुरप्यापेक्षा त्योच लई राबतोय. तुरीचा भाव त्येच्यावर, पावसाचं त्येच्यावर. हत्यारच न्हाय का त्ये? मांडलेलं हत्यार पूजा उतरूस्तोवर उचलत न्हाईत." त्यांचे ऐकून बसव्वानेही आपला मांडला होता. "झेंडूत वाजत हुता. तुझाच असणार, ठावं हुतं. म्हणून तर पयल्या गाडीनं आलो."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. मग तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. मग चहा टाकला.

त्यांचे हे जुनेच आहे. माझा बारावीचा निकाल नेटवर बघायला आम्ही नवी पेठेतल्या कॅफेत गेलो, तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि पास दिसताच कॉम्प्युटरला हात जोडले. सगळे हसले, मी लाजेने अर्धी झाले. आता माझी मुले फोन उष्ट्या ताटाशेजारी टाकतात. विचारले नाही तरी माझे मत लिहून घ्यावे: फोन आल्यापासून वडिलांचे दसऱ्याचे सोने मला फोटोतच येत होते. यंदा हातात आले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. हा जबाब मला वाचून ऐकवला, मी बोलले तसाच उतरला आहे. आणखी काही विचारायचे झाल्यास वडिलांच्या नंबरवर फोन लावू नये, पूजा अजून उतरलेली नाही. माझ्या नंबरवर लावावा. ते माझ्याकडे आहेत.