सव्वीसची पिन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक आदरणीय दादासाहेब, सणसरहून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, ऊस वाहतूकदारांचे पुढारी आबाजीराव, माझ्या डाव्या हाताला बसलेल्या आपल्या डिझाइन विभागाच्या स्वप्नालीताई, ऑफिसातली मंडळी, शॉपमधले माझे सगळे सोबती, पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच ‘आवरतं घ्या’ अशी खूण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती जयवंताबाई, आणि जमलेल्या बंधूंनो, भगिनींनो,

तासभर झाला, मी इथे खाली मान घालून माझी स्तुती ऐकतो आहे. दत्तोबा फोरमन म्हणजे असे आणि दत्तोबा फोरमन म्हणजे तसे. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं की हा गृहस्थ एकदा भेटला पाहिजे. अठ्ठावीस वर्षं शॉपमध्ये माझा आवाज ऐकलेली माणसं समोर आहेत. त्या आवाजात स्तुती किती असायची आणि शिव्या किती, हे मी सांगायला नको. मागे हसताय ते मला दिसतंय हं! निवृत्त झालोय, आंधळा झालो नाही अजून.

पण आज अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही. एकाहत्तर साली भिगवण रस्त्याला एक पत्र्याची शेड, एक जुनं लेथ, एक वेल्डिंगचा सेट आणि दादासाहेबांची सायकल, एवढीच ही कंपनी होती. आज काय आहे? हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर घटकाभर उभे राहा. ट्रॅक्टरमागे उसाची ट्रॉली, तिच्यामागे दुसरी ट्रॉली. त्या दोन ट्रॉल्यांना धरून ठेवणारा जो हूक आहे, त्यावर दहांत सहा ठिकाणी आपला शिक्का सापडेल. आबाजीराव, खोटं बोलतोय का? बघा, मान हलवली. अहो, वीस-वीस टन ऊस एका हुकाच्या आणि एका पिनेच्या भरवशावर कालव्याचा चढ चढतो. ते लोखंड आपल्या हातचं आहे. याचा अभिमान नाही वाटायचा तर कशाचा?

आता आमच्या स्वप्नालीताईंविषयी. मघाशी त्या म्हणाल्या, “काकांनी मला लोखंड शिकवलं.” हे ऐकून पाहुण्यांचा गैरसमज होईल, म्हणून खरं काय ते सांगतो. शहाण्णव साली ही मुलगी इंजिनिअर होऊन इथे आली. गाव शेळगाव. आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, वडलांनी शेती धरली, आणि हिने धरला कॉम्प्युटर. दादासाहेबांनी काचेची केबिन केली, थंड हवेचं मशीन बसवलं. आम्ही उन्हाळ्यात भट्टीपुढे, आणि त्या कॉम्प्युटरच्या डब्याला गार वारा! मी उघड बोललो होतो, “दादासाहेब, या डब्याला एखादा हूक वेल्ड करता येतो का विचारा.”

ती मात्र चिडली नाही. मला केबिनमध्ये नेऊन पडद्यावर आपला हूक दाखवला. त्याच्यावर बारीक जाळी पसरलेली. म्हणाली, “काका, या हुकाचे मी हजारो तुकडे केलेत. आता मागून ओढ लावायची, आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं, तुला किती ताण बसतोय? ज्याला कमी, तो निळा. ज्याला सोसवत नाही, तो लाल.” मी म्हणालो, “पोरी, लोखंड तापलं की लाल होतं. तुझं थंडीतच लाल व्हायला लागलं!”

आणि एकेक हिशेब किती चालावा? पाच-पाच तास! मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही जेवायला जाताना केबिनपुढे थांबून विचारायचो, “काय ताई, शिजलं का?” असा आमचा शिक्षकपणा.

मग आला सत्त्याण्णवचा जानेवारी. कारखाने जोरात सुरू होते. एके सकाळी आबाजीराव ऑफिसात आले, खांद्यावरचं पोतं माझ्या टेबलावर आपटलं आणि आमचा तुटलेला हूक बाहेर काढला. सणसरच्या अलीकडे कालव्याच्या चढावर त्यांची मागची भरलेली ट्रॉली सुटली, उलटी घरंगळली आणि शेतात पालथी झाली. मागे कुणी नव्हतं म्हणून बरं. आबाजीरावांचे शब्द मला अजून आठवतात. “फोरमनसाहेब, मागं बायामाणसं चालत असती तर आज मी हितं पोतं घिऊन आलो नसतो. तुमाला न्यायला आलो असतो.”

कंपनीचं नाव पणाला लागलं. हूक तुटला कशामुळे? दादासाहेबांनी चौकशी माझ्याकडे सोपवली. मी तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि पाच मिनिटांत निकाल दिला: वेल्डिंग कच्चं आहे. वेल्डिंग कुणाचं? म्हस्कूचं.

म्हस्कूराव तिकडे खांबाजवळ बसलेत. वरकुट्याचे. बावीस वर्षं वेल्डिंग करतात. त्यांनी ओढलेली शिवण पाहायला मी नवीन पोरांना उभं करायचो. त्या दिवशी मात्र मी त्यांना सगळ्या शॉपसमोर “म्हस्क्या” म्हणून हाक मारली. ते एवढंच म्हणाले, “साहेब, माझ्या हातचं सुटलं न्हाय. तुटलंय कुठं ते तुमी बघा तरी.” मी बघितलं नाही. मेमो लिहिला, सही केली. त्यांच्या हातातून वेल्डिंग काढून घेतलं आणि लेथखालचा कीस गोळा करायला लावलं. त्यांना काढून टाकायचं की ठेवायचं, याचा निर्णय महिन्या-दीड महिन्यात व्हायचा होता.

तेव्हा स्वप्नालीताईंनी आपणहून तो हूक कॉम्प्युटरवर घेतला. दोन दिवस ओढ लावली. सगळा हूक निळा! कुठेही लाल नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्या डब्याची मी वर्षभर टिंगल केली, त्याचाच कागद घेऊन मी दादासाहेबांपुढे उभा. म्हणालो, “बघा, हुकात दोष नाही असं तुमचं मशीनच म्हणतंय. मग राहिलं काय? वेल्डिंग!”

पण ही मुलगी गप्प बसेना. तुटका तुकडा केबिनमध्ये घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. “काका, वेल्डिंग जागच्या जागी आहे. तडा त्याच्या दोन बोटं पुढे, मानेत आहे. म्हस्कूकाकांनी तिथे हातच लावलेला नाही. मग वेल्डिंगचा दोष कसा?” मी म्हणालो, “तू शिकव मला.” तिने विचारलं, “पिन किती जाडीची होती?” मी म्हणालो, “ड्रॉइंगमध्ये आहे तेवढी. तीस मिलिमीटर.”

मंडळी, पाणी पितो जरा. जयवंता, तू खुणा करू नकोस आता. मला बोलू दे.

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीताई साखर कारखान्याच्या काट्यावर गेल्या. इंजिनिअर बाई, चिखलापाचटात, ड्रायव्हर लोकांच्या गर्दीत सकाळपासून उभ्या. तिथे काय होतं हे शॉपमध्ये बसून कळत नाही. काट्यावर वजन एकेका ट्रॉलीचं होतं. म्हणजे पिन काढा, ट्रॉली सोडा, पुन्हा जोडा. मागे शंभर गाड्यांची रांग, ओरडाआरडा. पिनेत माती नि पाचट अडकलं की घणाचे घाव घालावे लागतात. ताईंनी पाहिलं, काही ट्रॉल्यांची पिन मात्र लोण्यात सुरी जावी तशी जात होती. त्यांनी तिथेच कॅलिपर लावला. सव्वीस.

मग आबाजीरावांच्या त्या ट्रॉलीची पिन मागवून मोजली. तीही सव्वीस. पुन्हा कॉम्प्युटर सुरू झाला. चार मिलिमीटर मोकळी पिन, दर वेळी गाडी उचलताना बसणारा हिसका, आणि तो सगळा एका कडेवर. दुपारी कागद निघाला. हुकाची मान लालभडक! तुटका तुकडा कागदाशेजारी ठेवला. तडा आणि लाल रंग एकाच जागी. मशीनला पहिल्यांदा जे माप सांगितलं होतं तेच चुकीचं होतं. खरं सांगितल्यावर त्याने खरं दाखवलं.

म्हस्कूराव दीड महिन्यानंतर वेल्डिंगवर परत आले. त्याच कागदावरून ताईंनी नवीन हूक आखला. मान जाड केली, भोकात कडक बुश, म्हणजे पोलादी कडं घातलं, पिनेला निमुळतं टोक दिलं. माती असली तरी अडकत नाही आणि जोडल्यावर हलतही नाही. दोन हंगाम झाले, हजारांवर हूक गेले, एक परत आला नाही. पुण्याच्या मोठ्या कंपनीचे साहेब येऊन बघून गेले. शेळगावच्या पोरीने काचेच्या केबिनमध्ये बसून काढलेला आणि वरकुट्याच्या माणसाने जोडलेला हूक! माझी छाती भरून येते. हे मी मनापासून बोलतोय.

आता, दादासाहेब, तुम्ही मघाशी भाषणात म्हणालात की ड्रायव्हर लोकांनी पिना बदलल्या होत्या. आबाजीराव, तुम्ही तेव्हा कळवळून सांगत होता, “पिन तुमचीच हाय, आमी बदलली न्हाय.” कुणी विश्वास ठेवला नाही.

आबाजीराव, तुमचं खरं होतं. त्या पिना मी केल्या होत्या.

बसा, बसा. चहा नंतर घ्या. ऐकून घ्या.

शहाण्णवच्या दिवाळीआधी मी काट्यावर गेलो होतो. ड्रायव्हर म्हणाले, फोरमनसाहेब, तुमची पिन लई दमवती. मला वाटलं, एवढं काय त्यात! मी दत्तोबा फोरमन, मला कागद कशाला लागतो? सुट्टीच्या दिवशी एकटा लेथवर उभा राहिलो आणि पिनांचा तो सगळा लॉट चार मिलिमीटरने उतरवला. ड्रॉइंगवर लिहिलं नाही, दादासाहेबांना बोललो नाही. लोक खूश झाले, मी मिशीला पीळ दिला. आणि हूक तुटला तेव्हा, खरं सांगतो, तुकडा हातात घेतल्या क्षणी मला पिनेची आठवण झाली होती. झाली होती, आणि मी म्हस्कूचं नाव लिहिलं.

स्वप्नालीताईंना हे माहीत आहे. त्या पिनेच्या टोपीवर आपल्या शॉपचा पंच, म्हणजे ठोकलेला शिक्का होता. त्यांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाल्या, “काका, पिन बारीक होती एवढं मी दादासाहेबांना सांगितलंय. कुणी केली ते तुम्ही सांगा.” अडीच वर्षं झाली. रोज समोर येते, रोज “काका” म्हणते, पुन्हा एकदाही विचारलं नाही. आणि आज या माइकवर म्हणते, काकांनी मला शिकवलं. पोरी, कुणी कुणाला शिकवलं गं?

म्हस्कूराव वेल्डिंगवर परत आले, पण माझा मेमो त्यांच्या फायलीत तसाच राहिला. चार्जहँडच्या बढतीसाठी त्यांचं नाव दोनदा निघालं, दोनदा त्या मेमोवर अडलं. फोरमनने लिहिलंय म्हणजे काहीतरी असणार, असं ऑफिस म्हणायचं. मी शेजारच्या खुर्चीत बसून ते ऐकलं आहे.

आज सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी ती फाइल मागितली. मेमोखाली माझ्या हाताने लिहिलं: ‘वेल्डिंगमध्ये दोष नव्हता. पिना मी बारीक केल्या होत्या.’ खाली सही, आजची तारीख. दादासाहेब, कागद तुमच्या टेबलावर आहे. माझ्या जागेवर कुणाला बसवायचं हे तुम्ही ठरवायचं, त्यात मी बोलणारा कोण? पण ठरवण्याआधी तो कागद वाचा, एवढी विनंती करतो.

आपण सर्वांनी इतक्या प्रेमाने हा समारंभ केलात, पाहुणे लांबून आले, मंडप घालणाऱ्यांपासून स्वयंपाक करणाऱ्या धोंडाबाईंपर्यंत सगळ्यांनी कष्ट घेतले. सर्वांचे मनापासून आभार. अठ्ठावीस वर्षांत कुणाला टाकून बोललो असेन, आज बोलता बोलता वेळेचं भान सुटलं असेल, तर सभेने ते पोटात घालावं, आणि तुम्ही ते घालाल हे मला ठाऊक आहे.

पण म्हस्कूरावांची माफी इथे वर, माइकसमोर उभं राहून मागायची नाही मला. तुमच्यासमोर मागितली तर त्यांना भिडेखातर हो म्हणावं लागेल. म्हस्कूराव, तुमी उठू नका. जागेवरच बसा. मी खाली येतो.