सकाळी सातच्या मयती

बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर देडतलाईची बस भरत होती. माझ्या पुढच्या सीटवरच्या माणसानं कंडक्टरकडं तिकीट मागितलं, तशी शेजारची म्हातारी त्याच्याकडं वळली.

"तुम्ही रेडिओवाले निरंजनभाऊ ना? आवाजानं ओळखलं."

"होतो, मावशी. आता नाही."

"मंग माझ्या भावाची मयत का नाही सांगितली? रोज सकाळी सातला गावोगावच्या मयती सांगत होते ना तुम्ही? मी रेडिओ लावून बसली, आन् तिकडं भाऊ सरणावर जळून गेला!"

"आपलं स्टेशन मोठ्या कंपनीनं घेतलं, मावशी. आम्हाला घरी बसवून दिलं. आता मुंबईतून एकच पोरगी चाळीस शहरांसाठी बोलते."

"पण भाच्यानं स्टेशनला फोन केला होता!"

"कोणी उचलला?"

"मशीननं. गाण्यासाठी एक दाबा म्हणे. त्यानं एक दाबून बापाचं नाव, गाव, टाइम सगळं सांगितलं, आन् आत्याला कळलं समजून निवांत बसला."

"कंपनी म्हणते, मयतीनं लोकांचा मूड खराब होतो."

"त्यांच्या घरी कोणी मरत नाही का?"

त्यानं तिकीट खिशात ठेवलं.

"बुधवारी दहावा आहे. सोयरे पंधरा गावांत. या गाडीत तिकडचेच लोक आहेत. उठा, सांगा."

"इथं? माईक नाही, मावशी."

"गळा तं आहे ना?"

म्हातारीनं भावाचं नाव, गाव, दहाव्याची वेळ आणि जागा सांगितली. तो उभा राहिला.

"नमस्कार. डोईफोडियाचे कौतिक महाजन यांचं निधन झालं आहे. दहावा बुधवारी सकाळी आठला, तापीच्या घाटावर..."

मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "कौतिकदादा गेले? कधी?"