मार प्यालेलं हेल्मेट

मंडळी, मला सांगा, गेलेलं माणूस आपली राखण करतं का? करतं म्हणता? बरं! मग किती वेळा करतं?

हां! आता कुणाची मान हलेना!

ऐका तर. चंदगडाकडचा घाटमाथा. लाल चिखल, काळा कातळ, आणि भरदुपारीही दुधासारखं दाट धुकं. तिथं पोरं मोटारसायकली उडवतात. ऑफ-रोड म्हणतात त्याला. रस्ता असतो, पण त्यावरून जायचं नाही! हसता काय? आपण तरी कुठं सरळ जातो?

अनसूयाबाईंचा थोरला, विक्रांत, त्यात पटाईत. शर्यतीत पडला. डोकं दगडावर आपटलं, पण हेल्मेटनं राखलं. कपाळावर ओरखडा नाही! छातीचं कवच मात्र 'उकडतं' म्हणून घरी ठेवलेलं. हँडल बरगडीत घुसलं... गेला पोरगा.

गेलेल्याचा चांदीचा टाक करून आपण देव्हाऱ्यात पुजतो ना? आईनं केला. आणि टाकाशेजारी ते हेल्मेटही मांडलं! अवसेला हळदकुंकू, तेल. म्हणायची, "ह्यानं माझ्या लेकाचं डोकं राखलं."

पुढं धाकटा, धैर्यशील, शर्यतीला निघाला. गडहिंग्लजला मुश्ताकभाईंच्या दुकानात छातीचं कवच घेतलं, गुडघ्याचं घेतलं, नडगी झाकणारे बूट घेतले. थोरल्याच्या मरणानं शिकवलं होतं! हेल्मेट मात्र घेईना.

"दादाचं आहे की!" पिशवीतून काढून दाखवलं.

मुश्ताकभाईंनी आत अंगठा फिरवला. "बाबा, आतलं थर्माकोल दबलंय. हे एकदाच मार पितं. हे मेलंय."

"दादा मेला, भाई! हेल्मेट नाही!"

"आईला विचारलंस?"

"तिनंच दिलंय. अंगारा लावून."

अंगाऱ्यापुढं काय चालणार? भाईंनी हेल्मेट परत पिशवीत घातलं.

शर्यतीआधी सरावाला पोरगा एकटाच कातळावर गेला. पट्टा आवळला. गाडी निघाली. धुकं मिटलं मागं... आणि श्वास! कुणाचा? ह्याचा नव्हे! ह्यानं दम धरला, तरी काच आतून धुरकटत राहिली. कानाशी कुणीतरी धापा टाकतंय—

"दादा?"

"काढ मला."

"तू आहेस ना? मग मला कसली भीती!"

"तुझ्यासाठी उरलो नाही रे, धैर्या. माझा घाव पिऊन संपलो. काढ!"

आवाज दादाचा, की त्या टोपाचा? मंडळी, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक—

*थोरल्याची गं सावली, धाकट्याच्या डोईवरी*
*सावलीला नाही हाड, दगडाला कोण वारी?*

पोरानं ब्रेक दाबला. पट्टा सोडला. हेल्मेट हातून निसटलं. गुडघाभर उंचीवरून हो! कातळावर पडलं आणि करवंटीसारखं फुटलं! दोन भकलं! धुक्यात धाप थांबली. सगळं कसं... रितं.

बोडक्या डोक्यानं, गाडी ढकलत घरी आला. भकलं आईपुढं ठेवली. सांगितलं सगळं. ती ओरडली नाही. कुंकवावरून गेलेली चीर बोटानं चाचपत राहिली.

"दमला असेल रे तो," म्हणाली. "मेलेल्याला मी कामाला जुंपलं."

दुसऱ्या दिवशी माउली स्वतः दुकानात! नवं हेल्मेट लेकाच्या डोक्यावर घातलं, पट्टा बांधला. "मान हलव." मानेबरोबर हललं, वेगळं डुललं नाही.

"आई, गाल दाबतंय!"

"दाबू दे. सैल माया काय कामाची!" मग बोटाच्या पेरानं त्यावर ठोठावलं. अगदी हळू. "आत कुणी नाही ना रे?"

"मी आहे, आई."

मंडळी, मंडपाबाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत. हेल्मेटं आरशाला टांगलेली, खरं ना? पण मी त्यांचं बोलत नाही. आज्याची पुण्याई, बापानं घेतलेलं नाम... त्यावरच जगतो ना आपण? अहो, त्यांनी त्यांचे घाव सोसले! त्यांना हात जोडा. निजू द्या. तुमच्यावर येणारा दगड तुमचा आहे; त्याला नामही तुमचंच लागेल.

उचला टाळ. बापाच्या नव्हे, आपल्या हातानं!