वाटाड्याचं नाव

(डार्विन शहर. चित्रामामीचं स्वयंपाकघर. चिन्मयी क्लेटनच्या विद्यापीठातून थीसिसच्या कामासाठी आलेली.)

चित्रामामी : म्हणजे हार बघून चिडल्या?

चिन्मयी : चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. ॲग्नेसआजींनी तोंड फिरवलं नि आत निघून गेल्या.

चित्रामामी : चांगला चंदनाचा हार दिला होता गं मी. त्यांच्याच आजोबांच्या फोटोला घातला, यात वावगं काय?

चिन्मयी : आपल्यात काही नाही. त्या इथल्या आदिवासी, त्यांच्यात गेलेल्याचा फोटो दाखवत नाहीत, नाव घेत नाहीत. मला माहीत होतं, मामी. पण आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली, म्हटलं आता चालेल.

चित्रामामी : मग?

चिन्मयी : आजींचा भाऊ गेल्या महिन्यात गेला. आजोबांचंच नाव त्याला. आणि मी दारात उभी राहून ते नाव मोठ्यांदा घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची नात म्हणाली, हे नाव थीसिसमध्ये नको.

चित्रामामी : मग दुसरं घाल. तुमच्या क्लेटनची सगळी पोरं अकाउंटिंग करून पीआर घेतात, कायमची इथे राहतात, तू बसलीस त्या वाटाड्या आजोबांच्या मागे.

चिन्मयी : दुसरं आहेच. टॉमी. जमीन मोजायला आलेल्या गोऱ्या सर्व्हेवाल्यांनी ठेवलेलं. त्याला साखळीने बांधलं, खारं मांस खायला घातलं आणि पाणी दिलं नाही. तहानेने हा पाण्याकडे धावेल, आपण मागोमाग जाऊ. असा तो वाटाड्या झाला.

चित्रामामी : शिव शिव.

चिन्मयी : मग त्या पाण्यावर गोऱ्यांची गुरं आली. पाणी दाखवलं म्हणून त्याच्या माणसांनी त्याला परत जवळ केलं नाही. उरलेला जन्म पोलिसांचे घोडे राखले. प्रत्येक रिपोर्टात टॉमीच. खरं नाव घरातच राहिलं. ते आजींनी विश्वासाने मला सांगितलं होतं, मामी. म्हणून तर हा विषय घेतला.

चित्रामामी : अगं, हात जोडून माफी माग.

चिन्मयी : मागितली. नात म्हणाली, नो वरीज. आजी काही बाहेर आल्या नाहीत. ते नाव पुन्हा घेता येईल, पण काही वर्षांनी. आजी नव्वदीच्या. आणि माझा व्हिसा फेब्रुवारीत संपतो.

चित्रामामी : म्हणजे छापून येणार टॉमीच.

चिन्मयी : हो. या वेळी मीच छापणार.

चित्रामामी : मला तरी सांग ते नाव. इथे कोण ऐकतंय?

चिन्मयी : नको मामी. आता मलाही ते घ्यायचं नाही.