नर्सबाईंच्या कानाचं मशीन

नाही हो, बिघडलेलं नाहीये — परत द्यायला आणलंय. सासूबाई गेल्या आमच्या. मागच्या सोमवारी, दुपारी. त्र्याण्णव पूर्ण. — बघा, तुमचाही चेहरा उतरला! गेल्या वर्षी कानाचं माप घ्यायला घरी आलात, तेव्हा त्यांच्यापुढे कसे लहान पोरासारखे मांडी घालून बसला होतात. तुम्हीही त्यांच्याच हातचे ना? वाटलंच. इथे कुणालाही धरा, तिशी-पन्नाशीतला माणूस असला की पहिला टाहो त्याने नर्सबाईंच्या हातावरच फोडलेला. अंत्ययात्रेला चौक बंद करावा लागला — आणि बंद करणारा तो ट्रॅफिकचा पोलीस, तोच हुंदके देत होता, त्याच्या तिन्ही मुली त्यांच्या हातच्या. काय बाई होती हो! तिशीत नवरा गेला, दोन मुलगे पदरात, सायकलच्या हँडलला चामड्याची बॅग अडकवायच्या आणि हाक येईल तिकडे. ऊन नाही, पाऊस नाही. कुणाला कधी ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. कुणालाच नाही. — म्हणजे बाहेरच्या कुणाला.

अहो, उघडताय कशाला ते? असू द्या. कोरं आहे तसं — स्टिकर? हो, आहे स्टिकर सेलवर. काढल्याशिवाय चालत नाही, माहितेय मला. तुम्हीच दाखवलं होतंत, नख लावून कसा सोलायचा ते. विसरले नाही मी. असं बघू नका माझ्याकडे, विसरणाऱ्यातली नाही मी — तीच तर बोंब आहे.

आता बघितलंच आहे तर ऐका. पहिला महिनाभर मी इमानेइतबारे सोलत होते. मग एका दुपारी हेडमास्तरांची सून आली भेटायला, तिच्या मुलाला घेऊन. मुलगा कसला, चौतिशीचा बाप्या! सासूबाईंचा हात हातात घेऊन ती म्हणते, ‘नर्सबाई, तुमच्या हातून एकही मूल दगावलं नाही हो.’ आणि ह्यांनी ऐकलं. स्वच्छ ऐकलं, तुमच्या मशीनची कृपा. आणि मान हलवली — अशी, सावकाश, देवळातल्या देवासारखी. मी दारात उभी, हातात फडका. — कशाला वाईट वाटायचं त्यात? सांगते की. हा चौतिशीचा बाप्या ज्या दिवशी जन्मला ना, त्याच दिवशी मीही अडले होते. घरात, मागच्या खोलीत. तिकडून बोलावणं आलं आणि ह्या बॅग उचलून निघाल्या. मी पदर धरला होता हो त्यांचा. म्हणाल्या, ‘पहिलटकरीण आहेस, तुला वेळ लागेल. सोड.’ शेजारच्या शिंपीणबाईला माझ्याजवळ बसवलं, ती बिचारी काय करणार, तिला दोऱ्याची गाठ ठाऊक, नाळेची नाही. ह्या परत आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. बॅग खाली ठेवली, हात धुतले, कापड वर करून बघितलं आणि ओसरीवर जाऊन सांगितलं, ‘मेलेलीच जन्मली.’ झालं! नर्सबाई म्हणाल्या म्हणजे दगडावरची रेघ. मी म्हणत होते, रडली ती, दोनदा रडली, मी ऐकलंय — तर शिंपीणबाई खाली बघायला लागली आणि आमचे हे म्हणाले, आईला जास्त कळतं की तुला? टाऊन हॉलमध्ये सत्कार झाला तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात मी. एकही दगावलं नाही — खरंच आहे की, त्यांच्या हातात होतीच कुठे ती.

तर दुसऱ्या दिवशी नवा सेल घातला, स्टिकरसकट. मशीन कानात, चेहरा खूश, ऐकू शून्य. त्यांना वाटलं, कानच पुरते गेले. मग मी पाटी आणली. मोठ्या अक्षरांत लिहायची. बायका यायच्या, तासतासभर ‘नर्सबाई, नर्सबाई’ करायच्या, गेल्या की ह्या विचारायच्या, ‘काय म्हणत होती गं?’ मी लिहायची — खोलीत वास येतो म्हणाली. धाकटे भावजी दर रविवारी परदेशातून फोन करायचे, रडायचे हो फोनवर आईसाठी, मीच तो फोन त्यांच्या कानाला धरून उभी. ‘काय म्हणतो?’ — सवड नाही म्हणतोय. चौथ्या रविवारी म्हणाल्या, ‘ठेव तो फोन.’ मग जेवणही कमी केलं. लोक म्हणायचे, काय सेवा करते सून! करतच होते. कूस वळवायची, अंग पुसायचं, एक फोड येऊ दिला नाही पाठीवर. शेवटी तर डोळेही गेले. पाटी दिसेना.

आणि सोमवारी, मी पायाची नखं काढत होते, तर एकदम म्हणाल्या, ‘सूनबाई, तुझी पोरगी… रडली होती का गं?’

चौतीस वर्षांनी! हातातलं नेलकटर पडलं माझ्या. सगळं बोलले मी हो, सगळं — दोनदा रडली, कशी रडली, उजवी मूठ कशी आवळली होती — तोंडाला फेस येईपर्यंत बोलले. आणि त्या आपल्या माझ्या दिशेला तोंड करून, ‘सांग ना गं. रडली होती का?’

नवा सेल फोडला, स्टिकर ओरबाडला, कानात घातलं. पण मिनिटभर हवा लागू द्यावी लागते त्याला, नाही का? तुम्हीच सांगितलं होतंत. मी मोजत होते. चाळिसाला त्यांचा हात ढिला पडला.

— हा सेल? हा दुसरा. सवयीने घातला असेल मीच नंतर, काय माहीत.

पुसा ते डोळे. पुरुषासारखा पुरुष, दुकानात बसून रडतो! आणि सांगा खुशाल गावाला, माझ्यावर कुणी तेव्हा विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर आता ठेवणार नाहीत. नर्सबाईंची सून आहे मी. — सरका, मागे आजोबा ताटकळलेत. त्यांचं बघा.