चालून दाखव

आजोबा : बाथरूममध्ये घसरलीस, एवढंच डॉक्टरांना सांगायचं. कळलं?

आजी : बाथरूममध्ये कुठं? हॉलमध्ये पडले. तुमच्या मित्रमंडळींसमोर.

आजोबा : हळू बोल. शेजारच्या खाटेवरची बाई ऐकतेय.

आजी : ऐकू दे. माझा खुबा बदलल्यापासून साऱ्या गल्लीला तुम्हीच तर ऐकवलंत. येईल त्याला चहा, आणि चहाबरोबर मी. "ऊठ गं, चालून दाखव!"

आजोबा : अगं, अभिमान होता मला. तुझे भाऊ म्हणत होते, या वयात चिरफाड नको. मी एकटा ठाम राहिलो.

आजी : ठाम तुम्ही राहिलात, कापलं मला.

आजोबा : पण चालायला लागलीस ना?

आजी : लागले की. मग मांडीत कळ यायला लागली. खुर्चीतून उठलं की जीव जायचा. तुम्हाला सांगितलं, तर काय म्हणालात?

आजोबा : आता ते कशाला उकरून काढतेस?

आजी : म्हणालात, कुणाकडे बोलू नकोस, लोक म्हणतील ऑपरेशन फसलं. इथं हॉस्पिटलातसुद्धा दाखवायला आणलं नाहीत.

आजोबा : मला वाटलं, थोडंफार दुखायचंच.

आजी : ज्याचं जळतं त्याला कळतं. परवाही म्हटलं, आज जमत नाही, काठी द्या. तुम्ही ती दाराआड नेऊन ठेवलीत आणि टाळ्या वाजवून बोलावलंत मला. रांगत्या पोराला बोलावतात तसं.

आजोबा : चुकलं माझं. पण हे पोरांच्या कानावर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आजी : तुम्हाला तोंडाची पडलीय. मला कूस बदलता येत नाही.

(डॉक्टरबाई एक्स-रे घेऊन येतात.)

डॉक्टर : आजी, नव्या खुब्याची दांडी मांडीच्या हाडात बसवलेली असते. त्या दांडीभोवतीचं हाड मोडलंय. दांडी घट्ट असेल तर हाडाला धातूची पट्टी आणि तारा लावून भागेल. पण ती आधीच सैल झाली असेल, तर काढून लांब दांडी घालावी लागेल. ते ऑपरेशन मोठं. एक्स-रेत नीट कळत नाहीये, पण दांडी सैल असली की आधीपासून मांडी दुखते, म्हणून विचारते. पडायच्या आधी मांडी दुखत होती?

आजोबा : छे, छे! ठणठणीत होती. बाथरूममध्ये पाय घसरला, बस्स.

डॉक्टर : नक्की ना? अंदाज चुकला तर पुन्हा उघडावं लागेल.

आजोबा : अहो, मी रोज बघतो ना तिला.

आजी : अहो, एकदा माझ्याकडे बघून सांगा.

आजोबा : काही नव्हतं, डॉक्टर. तुम्ही पट्टीचंच बघा.

डॉक्टर : आजोबा, थांबा जरा. आजी, तुम्ही सांगा.

आजी : दुखत होती, बाई. खूप दिवस. यांना माहीत होतं.