कोळखारच्या उघाडीतला माणूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षणसंस्थेचे कार्याध्यक्ष माननीय दत्तात्रेय पाटील साहेब. व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापिका सोनल म्हात्रे मॅडम. ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो ते भूगोलाचे दयाराम भोईर सर. समोर बसलेले सहकारी, पालक, कोळखारचे ग्रामस्थ आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी दिपाली ठाकूर. या शाळेत इतिहास शिकवते. आधीच्या वक्त्यांनी सरांची शिस्त सांगितली, त्यांच्या वर्गाचे निकाल सांगितले. माझ्या वाट्याला त्यांचे रविवार आले आहेत.

अध्यक्ष महाराज, आपल्या खाडीकाठी मिठागराची स्वतःची रेल्वे होती, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? इंजिन नव्हतं. माणसंच डबे ढकलत. मीठ रुळांवरून कालव्यावर यायचं आणि तिथून होडीनं रेवसच्या बाजूला जायचं. मिठागर बंद पडलं. रूळ लोकांनी उपटून नेले, कालवा गाळानं भरला, वर तिवरांची खारट झाडी माजली. सरांना याच सगळ्याचं वेड. ओहोटीची वेळ बघून ते निघत आणि माझे बाबा, अंबाजी ठाकूर, आणि मी त्यांच्या मागे. कुणाच्या वाडीच्या फाटकाला लावलेला रूळ, चिखलात उभे असलेले पुलाचे दगडी खांब, हे बघताना सरांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा व्हायचा. मला म्हणायचे, "मॅडम, चपला हातात घ्या, नाहीतर चिखलाला द्याव्या लागतील."

हसलात, बरं वाटलं. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

माझी आजी येसूबाई. तिचे यजमान रघू ठाकूर, म्हणजे माझे आजोबा, मिठागरात उघाडीवर कामाला होते. उघाडी म्हणजे बांधातला दगडी दरवाजा. भरती आली की झडप पाडायची, ओहोटीला उचलायची. एका पावसाळ्यात मोठं उधाण आलं. आजोबा झडप पाडायला म्हणून घरातून गेले ते परतलेच नाहीत. बांध फुटला होता. मालकानं घाईघाईनं दगडमाती टाकून भगदाड बुजवलं. आणि गावात कुणीतरी सांगितलं, रघूला रेवसला लाँचमध्ये चढताना बघितलं, सोबत एक बाई होती.

एवढं पुरे झालं. माझे बाबा तेव्हा आईच्या कडेवर होते. ते "पळालेल्याचा पोर" म्हणून वाढले. आजीनं कपाळाचं कुंकू पुसलं नाही, कारण नवरा जिवंत होता. आणि रोज चुलीसमोर बसून त्याच नवऱ्याला शिव्या घातल्या. मी लहानपणी देवाच्या आरत्यांआधी त्या शिव्या शिकले.

गेल्या वर्षी सरांना ती जुनी उघाडी तिवरांत सापडली. कमान अजून शाबूत होती, पण एका बाजूची भिंत आत कोसळलेली. दगड कसे रचले होते ते सरांना बघायचं होतं, म्हणून आम्ही गाळ उपसायला घेतला. दुपारची वेळ होती. बाबांच्या फावड्याला काहीतरी लागलं. त्यांनी हातानं चिखल बाजूला केला. हाडं होती. त्यांच्यात चांदीचा करदोडा होता, काळा पडलेला. त्याची एक कडी तांब्याच्या तारेनं जोडलेली.

सर म्हणाले, "अंबाजी, हात लावू नका. पोलिसांना बोलावू."

बाबा तिथंच चिखलात खाली बसले.

पंचनामा झाला. ओळख पटवायला पोलीस घरी आले, सोबत सर होते. आजीनं करदोडा हातात घेतला, अंगठ्यानं ती तार चाचपली आणि म्हणाली, "ही तार मीच बांधली हाय." पोलीस अंगणात जाऊन उभे राहिले. आजी म्हणाली, "म्हंजे त्यो कुठं गेलाच न्हाय. हितंच व्हता. आन मी त्याला जलमभर शिव्या घातल्या."

आणि ती रडायला लागली. माझ्या आयुष्यात मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. तिनं पदरानं स्वतःच कुंकू पुसलं. सर उठले आणि निघून गेले.

आजोबांचे अंत्यविधी झाले. त्यानंतर आजीचं जेवण कमी होत गेलं. आंबे संपायच्या आत ती गेली.

सर तिच्या मातीला आले नाहीत. बाराव्यालाही नाही. रविवारी घराबाहेर पडायचे बंद झाले. स्टाफरूममध्ये मी विषय काढला की वह्या उचलून वर्गावर जायचे. एकदाच बोलले. "मी दगड बघायला गेलो होतो, मॅडम. म्हातारीला सुखानं मरूसुद्धा दिलं नाही." आज ती उघाडीही राहिलेली नाही. नव्या रस्त्याचा भराव तिच्यावर पडला. डंपर मुरूम ओतत होते तेव्हा बाबा आणि मी बांधावर उभे होतो. सरांची जागा रिकामी होती.

सर, आज गळ्यात हार आहे, समोर गाव आहे. आज तुम्हाला उठून जाता येणार नाही, म्हणून इथंच सांगते.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात आजीनं तुमची चौकशी केली होती. म्हणाली, "मास्तर येत न्हाय गं?" मी म्हटलं, त्यांना वाटतं, तुला त्यांनी दुःख दिलं. ती म्हणाली, "दुख व्हय, लय हाय. पन मास्तरला सांग, रागापरीस ह्ये बरं. रागात मना माज्या धन्याचं तोंड सुदिक आठवत नव्हतं. आता आठवतं."

तुम्ही शुक्रवारी मुलाकडे पनवेलला कायमचे जाताय. जाण्याआधी एकदा घरी जेवायला या. बाबांना त्यांचे वडील तुम्ही दिलेत, आणि आभार मानायला तुम्ही त्यांना अजून दाराशी भेटलेला नाहीत.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी सुतकाची गोष्ट काढली, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. पण ज्यांना हे ऐकवायचं होतं ते सोमवारपासून स्टाफरूममध्ये नसतील.